सोनाराचा हात आणि कराटेची मूठ

पत्र: मी बेळगावच्या शहापूरचा. वय ३९. वडिलांच्या पाठी सोनारकाम करतो, दिवसभर मांडी घालून, मान खाली. लहानपणी तालमीत जायचो, नववीत सुटलं. आता पोट सुटलंय, जिना चढताना धाप लागते. मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला कराटेला सोडायला जातो आणि बाकावर बसून बघत असतो. मलाही शिकावंसं वाटतं. पण कराटे की तायक्वांदो की कॅम्पाकडे एका जिममध्ये बॉक्सिंग शिकवतात ते, हे कळत नाही. बायको म्हणते, हात मोडून घेतलात तर दुकान कोण बघणार? मित्र हसतात. क्लासमध्ये सगळी पोरं, त्यातली निम्मी माझ्या गिऱ्हाइकांची. पांढरा पट्टा बांधून त्यांच्या मागे उभा राहू काय? एक सांगायचं राहिलं. यंदा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एकाने मला धक्का मारला, शिवी दिली, कॉलर धरली. मुलगा बरोबर होता. मी सॉरी म्हणून बाजूला झालो. मुलगा त्यावर अजून एक शब्द बोललेला नाही.
शहापूरचा एक सोनार

नमस्कार.

मिरवणुकीची हकीकत तुम्ही शेवटी दोन-चार ओळींत उरकलीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडची चित्ररथांची रात्र ज्याने पाहिली आहे त्याला ती गर्दी सांगावी लागत नाही. डॉल्बीने बरगड्या हादरत असतात, पुढे ट्रॉलीवर देखावा, मागून लोंढा, बाजूला दुकानांची बंद शटरं. लाथ सोडा, हात खांद्याच्या वर न्यायला जागा नसते. अशा ठिकाणी पोर बरोबर असताना तुम्ही सॉरी म्हणून बाजूला झालात. दहा वर्षं कराटे केलेला माणूसही बहुतेक हेच करेल. फक्त तो घरी येऊन रात्रभर ‘असं केलं असतं, तसं केलं असतं’ करत कूस बदलत बसणार नाही.

तेव्हा एक गोष्ट आधी मिटवू. त्या माणसाला पुन्हा गाठायचं म्हणून शिकणार असाल, तर फीचे पैसे वाचवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही जुन्या दंडविधानासारखाच स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बचावापुरतं लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. कॉलर धरणाऱ्याचा जबडा मोडलात, की फिर्यादी तो आणि आरोपी तुम्ही. मग तारखांना कोर्टाच्या पायऱ्या चढा आणि दुकानाला कुलूप.

दुसरी गोष्ट तुमच्या धंद्याची. तुम्ही पिशवीत माल घेऊन ये-जा करत असणार. उद्या कोणी चाकू दाखवून पिशवी मागितली, तर पिशवी द्यायची. कोणताही शहाणा सर हेच सांगेल, आणि जो चाकू हिसकावून घ्यायचे डाव नवख्याला पहिल्याच महिन्यात शिकवतो त्याच्यापासून दूर राहायचं. मालाचा विमा काढता येतो. रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने न जाणं, हे कुठल्याही लाथेपेक्षा जास्त कामाचं आहे.

मग शिकून मिळणार काय? सांगतो. कॉलर धरली गेली तेव्हा तुमचं अंग गार पडलं असणार, तोंडाला कोरड पडली असणार, शब्द सुचले नसणार. त्यात भित्रेपणा काही नाही, सवय नसलेल्या प्रत्येक शरीराचं तसंच होतं. क्लासमध्ये आठवड्यातून दोनदा समोर माणूस उभा राहतो, तुमच्या दिशेने हात येतो, तुम्ही तो अडवता, कधी अडवायचा राहतो आणि लागतो. असं होता होता वर्षभराने अंगाला कळतं, की हात लागला म्हणजे जग बुडत नाही. अंतर ओळखता येतं. समोरच्याचा खांदा हलला की पाय आपोआप मागे सरकतो. आवाज चढवून ‘मागे हो’ म्हणता येतं. एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं. ‘तीन महिन्यांत स्वसंरक्षण’ असा फलक दिसला तर नमस्कार करून पुढे जा.

आणि मुलाशी एकदा बोला. तो गप्प आहे याचा अर्थ तो तुम्हाला भित्रा समजतो, असा तुम्ही परस्पर लावलाय. अकरा वर्षांची पोरं घाबरूनही गप्प बसतात. त्या रात्री बापाला काही झालं असतं तर, ही धास्ती त्याच्या पोटात असू शकते. विचारल्याशिवाय कळायचं नाही.

आता तुमच्या बायकोच्या प्रश्नाकडे येतो. तुमचे मित्र हसतात ते सोडून द्या, पण वहिनींचा मुद्दा पक्का आहे. कारकुनाचं बोट सुजलं तर तो दुसऱ्या बोटाने टाइप करेल. तुमचं सुजलं तर चिमटा धरता येणार नाही. त्यामुळे कोणती कला निवडायची हे तुमच्या बाबतीत आवडीपेक्षा हातावरून ठरतं.

नवख्यांची हाताची दुखापत बहुतेक एकाच जागी होते: करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या शेवटच्या हाडाच्या मानेशी. डॉक्टरमंडळी तिला बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात. गंमत अशी, की मुरलेल्या बॉक्सरपेक्षा ते रागाने भिंतीवर किंवा कुणाच्या डोक्यावर वेडीवाकडी मूठ मारणाऱ्यांनाच जास्त होतं. मूठ आडवी-तिडवी जाते, करंगळीकडच्या गाठी पुढे येतात आणि सगळा भार त्या बारीक हाडावर पडतो. बरोबर ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसायला हवा, मनगट कोपरापर्यंत एका रेषेत, अंगठा बाहेर, दोन बोटांवर आडवा दुमडलेला. अंगठा मुठीच्या आत ठेवला तर तो मोडतो. मूठ पूर्ण वेळ आवळून ठेवायची नाही, लागायच्या क्षणी आवळायची. हे वाचायला सोपं आहे, अंगात मुरायला काही महिने लागतात. तोवर निम्म्या जोरानेच मारायचं, समोर कितीही मऊ पॅड असो.

बॉक्सिंगमध्ये ग्लव्हजच्या आत पट्टी बांधतात, मोठ्या माणसाला साधारण साडेचार मीटर लांबीची. ती गाठींवर गादी करते आणि मनगट घट्ट धरते. ती बांधायला शिकल्याशिवाय ठोसे मारायच्या टांगलेल्या बॅगेला हात लावायचा नाही. ग्लव्हज औंसांत मोजतात. तुम्ही गुंजा-ग्रॅमवाले, म्हणून सांगतो, बारा औंस म्हणजे साधारण ३४० ग्रॅम आणि सोळा औंस म्हणजे ४५० च्या आसपास. तुम्ही बॅगेवरही जड, भरपूर गादीचे घ्या. जिममधले सगळ्यांनी वापरलेले, आतून ओले आणि गादी बसलेले ग्लव्हज घालू नका. हाताचं नुकसान तर आहेच, खाज आणि गजकर्णही फुकट मिळतं.

हे सगळं सांभाळूनही बॉक्सिंग म्हणजे शेवटी हातांचाच खेळ. जॅब, क्रॉस, हुक, अपरकट, सगळे ठोसेच, सगळं हातांवर. तुम्हाला घाम गाळायला, वजन उतरवायला, पाय हलके करायला ते झकास आहे. एक जॅब नीट मारायला पाय, कंबर, खांदा सगळं एकत्र यावं लागतं आणि तीन मिनिटांत माणूस वाकतो. पण ते करायचं तर बॅग आणि पॅडपुरतं करा, समोरासमोरची लढत नको. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेला एखादा बॉक्सर शिकवताना भेटू शकतो. भेटला तर जरूर जाऊन बघा, फक्त तो चाळिशीच्या माणसाला रंगरुटासारखा तर पिळत नाही ना, एवढं पाहून घ्या.

तायक्वांदो पायांचं. जागतिक संघटनेच्या नियमांत तोंडावर ठोसा मारायला बंदी आहे, आणि गुणही लाथांनाच जास्त: धडावर ठोशाला एक, लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन, गिरकी घेऊन मारली तर आणखी वर. हाताला त्रास कमी. पण उंच लाथा एकोणचाळिसाव्या वर्षी सुरू करायच्या म्हणजे जांघ, कंबर आणि गुडघ्याची परीक्षा. मांडी घालून बसण्याने तुमची जांघ बाहेरच्या बाजूला बऱ्यापैकी उघडत असेल, पण मांडीची मागची बाजू आणि कमरेचा पुढचा भाग आखडलेला असणार. लाथ कमरेपर्यंतच मारा. त्याहून वरची वर्षभराने जमली तर जमली, नाही तर नाही.

कराट्याची गोष्ट थोडी लांबवतो, कारण तुमच्यासाठी माझं मत तिकडेच झुकतं. जपानच्या ओकिनावा बेटावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंको इतोसू यांनी कराटे शाळांमध्ये आणलं. त्यांचेच शिष्य गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर. ते १९२२ साली प्रात्यक्षिकं दाखवायला टोकियोला गेले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, आणि तिथेच राहून त्यांनी पुढे जे शिकवलं त्यातून कराट्याची शोतोकान ही शैली उभी राहिली. रांगेत उभं राहून, मोजणीवर, हळूहळू, एकच हालचाल शंभरदा करायची ही पद्धत शाळेच्या कवायतीतून आलेली आहे. बाकावर बसून जे कंटाळवाणं वाटतं, तेच मोठ्या वयाच्या नवख्याला सोयीचं पडतं. किहोन म्हणजे मूळ हालचाली, काता म्हणजे एकट्याने करायचा ठरलेला क्रम. या दोन्हींत कोणी तुम्हाला मारत नाही, तुम्ही कोणाला मारत नाही. तिसरं कुमिते, म्हणजे समोरासमोर. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू अशा शैलींत तेही बहुतेक ठिकाणी ताब्यातलं असतं. चेहऱ्याकडे गेलेला ठोसा जोर न देता थांबवायचा असतो.

मात्र क्योकुशिनचा क्लास असेल तर हिशेब बदलतो. मासुतात्सु ओयामा यांची ही शैली पूर्ण जोराची. स्पर्धेत डोक्यावर हाताने मारत नाहीत, पण छाती-पोटावर ग्लव्हज न घालता मुठीने खरोखर मारतात, आणि लाथ डोक्यावरही चालते. शिकणाऱ्यांना ती अतोनात आवडते. सोनाराला मी सांगणार नाही.

कराट्यातही तीन गोष्टींना तुम्ही नाही म्हणायचं, आणि ते पहिल्याच दिवशी सरांना हात जोडून सांगायचं. लाकडी फळीवर ठोसे मारून गाठी कडक करणं. उघड्या फरशीवर मुठींवरचे पुश-अप. आणि वर्धापनदिनाला मंगळुरी कौलं फोडणं. कौलं फोडताना फोटो छान येतो, मी नाकारत नाही. उलट तळहाताच्या टाचेने मारायचा वार मन लावून शिका. त्यात बोटांच्या गाठी वाचतात आणि अडचणीच्या वेळी, अगदी मिरवणुकीच्या गर्दीतही, कुणाला छातीवर रेटून जागा करायला तोच उपयोगी पडतो.

तुमची तालीम वाया गेलेली नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरलं की अजून अख्खा तालुका लोटतो, आणि तुमच्यासारखे लहानपणी लाल मातीत लोळलेले पुष्कळ जण आपल्यात आहेत. मान, पकड, तोल सांभाळायची जाण ही शिल्लक अंगात राहते. एक खोड मात्र मोडावी लागेल. पैलवान पुढे वाकून, डोकं खाली घालून उभा राहतो, कारण त्याला पायाला हात घालायचा असतो. ठोसे-लाथांच्या खेळात खाली घातलेलं डोकं म्हणजे समोरच्याच्या गुडघ्याला आयतं निमंत्रण. पाठ सरळ, हनुवटी किंचित आत, हात गालापाशी. सर पहिले दोन महिने हेच ओरडत राहतील. राग मानू नका.

शरीराचं बोलू. सुरू करण्याआधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, डॉक्टर म्हणाले तर ईसीजी काढा. जिन्यावर धाप लागते असं तुम्हीच लिहिलंय, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ही तपासणी टाळण्यासारखी मुळीच नाही. चष्म्याचा नंबर किती? तुमच्या धंद्यात डोळे लवकर थकतात. उणे नंबर मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. मोठ्या उणे नंबरवाल्यांचा पडदा डोक्याला मार बसल्यावर सुटण्याचा धोका जास्त असतो. तसं काही निघालं तर लढत कायमची बंद, बाकी सगळं करता येतं.

पहिले दोन महिने आठवड्यातून दोनच दिवस. तिसरा दिवस नंतर. तुम्हाला जोर येईल, वाटेल रोज जावं. स्नायू पंधरा दिवसांत तयारी दाखवतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्यांना महिने लागतात, आणि चाळिशीकडे तर जास्तच. तुम्ही तार ओढता तेव्हा एका दमात जंतरीच्या शेवटच्या भोकातून ओढत नाही. एकेक भोक कमी करत जाता आणि मध्ये तापवून मऊ करता. घाई केली की तार तुटते. घोट्यामागची शीर आणि खांदा यांचंही नेमकं तसंच आहे, आणि ते सांधायला डाग देता येत नाही.

पहिल्या क्लासनंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखेल आणि तिसऱ्या दिवशी आणखी दुखेल. ते चालतं. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर निश्चिंत राहा. एकाच गुडघ्यात, एकाच जागी, टोचल्यासारखं दुखत असेल तर थांबा. छातीत दाब आला, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, तर क्लास अर्धा टाकून सरळ दवाखाना, सरांना काय वाटेल याचा विचार न करता.

गुडघ्यासाठी एक बारकावा. गोल लाथ मारताना टेकलेल्या पायाची टाच फिरून समोरच्याकडे आली पाहिजे. पाय जमिनीला चिकटून राहिला आणि कंबर फिरली, की पीळ सगळा गुडघ्यात जातो. पावसाळ्यात हॉलच्या फरशीवर ओल येते आणि घसरायलाही होतं, म्हणून खाली मॅट आहे का, ती कोरडी आहे का, हे बघायचं. आणि श्वास. नवखा माणूस मारताना श्वास कोंडतो, त्याने रक्तदाब उसळतो. ठोशाबरोबर श्वास बाहेर. पोरं ‘किआय’ म्हणून ओरडतात ते अंगात आलंय म्हणून नव्हे, त्याने श्वास बाहेर पडतो म्हणून. तुम्हाला ओरडायची लाज वाटेल. पहिले काही दिवस नुसता ‘हुश्श’ केलात तरी काम होतं.

खाण्याचं लांबड लावत नाही. उसळ, अंडी, शेंगदाणे, दूध, जे घरात आहे ते जरा वाढवा. पैलवानी थंडाई आणि तुपाची वाटी हजार बैठका मारणाऱ्यांसाठी असते.

समोरासमोरची लढत हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण माझं मत स्पष्ट आहे. पहिले सहा महिने मुळीच नको. नंतर करायची तर हलकी, ओळखीच्या आणि स्वतःवर ताबा असलेल्या जोडीदाराबरोबर, दातांना गार्ड लावून. हा गार्ड गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचा मिळतो, बाकीचं सामान राहिलं तरी तो पहिल्यांदा घ्या. डोक्याला हेल्मेट घातलं की काही होत नाही, या समजात राहू नका. हेल्मेटने कातडी फाटायची वाचते, आत मेंदू हलायचा वाचत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमध्ये पुरुषांचं हेल्मेट २०१३ मध्ये काढलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. डोक्याला लागल्यानंतर डोकं ठणकलं, चक्कर आली, मळमळलं, उजेड सोसेना झाला, तर त्या दिवशी खेळ संपला, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा डोक्याला धक्का लागेल असं काही नाही. उलट्या होत राहिल्या, शुद्ध गेली, बोलणं अडखळलं, तर तातडीने हॉस्पिटल. कुणी सर म्हणाले, ‘पाणी मार तोंडावर, ऊठ,’ तर तो क्लास बदलायचा.

यावरून मुख्य मुद्द्यावर येतो. कराटे की तायक्वांदो की बॉक्सिंग यात तुम्ही अडकलाय, पण शहाणा माणूस मास्तर बघून कला ठरवतो. चांगल्या मास्तराकडचं बॉक्सिंग तुमचे हात वाचवील आणि वाईट मास्तराकडचं कराटे मोडील. पैसे भरायच्या आधी दोनदा जाऊन बसा. मुलाच्या क्लासमध्ये तर तुम्ही कधीपासून बसताय, पण आता वेगळ्या नजरेने बघा. सरांचं लक्ष पदकं आणणाऱ्या चार पोरांवर आहे की मागच्या रांगेतल्या धडपडणाऱ्यावरही? चूक दाखवताना स्वतः करून दाखवतात की नुसते छडी आपटतात? जुनी पोरं नव्यांना जपून मारतात की त्यांच्यावर हात साफ करून घेतात? ही शेवटची गोष्ट सगळ्यात खरं सांगते, कारण पोरं मास्तरासारखीच होतात. स्वतः विजेता असलेला माणूस चांगला शिकवतोच असं नाही. भिंतीवरचे चषक बघू नका, मुली आणि थोराड माणसं टिकून आहेत का ते बघा.

मग दोन प्रश्न विचारा. ‘पहिल्या सहा महिन्यांत मला काय शिकवाल?’ आणि ‘मला लढत नको म्हटलं तर चालेल काय?’ पहिल्याचं उत्तर गोलगोल आलं किंवा दुसऱ्यावर हसू आलं, तर चहा पिऊन निघा. फी महिन्याची भरा, वर्षाची एकदम नको. पट्ट्याच्या परीक्षेचे पैसे वेगळे असतात, किती आणि किती वेळा, तेही आधीच विचारा. आठवड्याला दोन-तीनदा नियमित जाणाऱ्याला काळ्या पट्ट्यापर्यंत साधारण चार-पाच वर्षं तरी जातात. वर्षात काळा पट्टा कबूल करणारा माणूस पट्टा विकतोय.

राहिला पांढऱ्या पट्ट्याचा प्रश्न. होय, मागेच उभं राहावं लागेल. रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही, आणि तुमच्या गिऱ्हाइकाचा निळा पट्टावाला पोरगा पुढे असेल. पहिल्या आठवड्यात तो मागे वळून बघेल, दुसऱ्यात कुजबुजेल, तिसऱ्यात येऊन सांगेल, ‘काका, पाय असा नाही, असा ठेवूलालोय बघा मी.’ ऐकून घ्या. बहुतेक वेळा पोरगं बरोबर असतं. त्याची आई दागिना न्यायला येईल तेव्हा तुमची चर्चा निघेल, त्याने धंदा कमी होणार नाही, कदाचित वाढेल. तरीही फारच अवघड वाटत असेल तर मोठ्यांची वेगळी बॅच विचारा. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीला जाणारे, बँकेतले, असे चार-पाच जण जमले तर कुठलाही सर रात्री आठनंतरचा तास काढून देईल. तुमच्यासारखे बाकावर बसून बघणारे आणखी बाप असतील, त्यांना नुसतं विचारायचा अवकाश आहे. भाषेची काळजी तर करूच नका. सर कन्नडमध्ये रागावतील, पोरं मराठीत खिदळतील, आणि मोजणी इची, नी, सान, शी अशी जपानीत चालेल. बेळगावात कुणाच्याच पाटीवरून भांडण न होणारी जागा आहे ती.

मुलाच्याच बॅचला जायचं असेल तर आधी त्याला विचारा. काही पोरांना बाप शेजारी आवडतो, काहींना ती आपली एकट्याची जागा राहावीशी वाटते. तो नको म्हणाला तर वाईट वाटून न घेता दुसरी वेळ घ्या. आणि हो म्हणाला, तर तिथे तुम्ही बाप नाही, ज्युनिअर आहात. त्याच्या चुका काढायच्या नाहीत.

सुरुवात कधी करायची तेही सांगतो, कारण ते तुमच्या धंद्यावर आहे. लग्नसराई आता ओसरली. आषाढात सोन्याला गिऱ्हाईक कमी, पावसाने बाजारही लवकर ओस पडतो, म्हणजे संध्याकाळचा तास काढायला सोपं. गणपती-दसऱ्यापर्यंत दोन-अडीच महिने हातात मिळतात, तेवढ्यात अंगाला सवय होईल आणि दिवाळीच्या गर्दीत एखादा आठवडा बुडाला तरी तुटायचं नाही. पांढरा ड्रेस लगेच घेऊ नका, महिनाभर ट्रॅकपँट आणि टी-शर्ट चालतो. नखं कापा, अंगठी आणि हातातलं कडं घरी ठेवा. आणि पहिले दोन-तीन आठवडे क्लासच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खडे बसवायचं किंवा बारीक झाळकाम हाती घेऊ नका. खांदे भरून आले की चिमट्याचं टोक थरथरतं. त्या दिवशी पॉलिशची कामं काढा, नाजूक काम एक दिवस पुढे ढकला, आणि गिऱ्हाइकाला तारीख देतानाच तसा हिशेब धरा.